शांघायच्या विमानतळावरची संकष्टी

"चीनमार्गे? दुसरं विमान मिळालं नाही का तुला?"

आमच्या टेक्सासमधल्या प्लेनोच्या मित्रमंडळींपैकी प्रत्येकाचा हा प्रश्न मला एकदा तरी विचारून झाला आहे. विचारताना चेहरा असा, की जणू मी सासूबाईंना होडीत बसवून आणलं. म्हणून एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकते. ज्यांना जायचं असेल त्यांनी बिनधास्त जा. सामान हरवलं नाही, उपाशी राहिलो नाही, भाषेवाचून काही अडलं नाही. जे काय झालं त्याचं खापर चीनच्या डोक्यावर फोडता येणार नाही.

सातारा

डिसेंबरच्या सुट्टीत मी, मंदार आणि आमची तेरा वर्षांची रेवा भारतात गेलो ते एकाच कामासाठी. मंदारच्या आईंना टेक्सासला घेऊन यायचं. बाबा गेल्यापासून आई साताऱ्याला एकट्या राहतात. मागच्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि शेजारच्या काकूंना हाका ऐकू जाईपर्यंत तशाच पडून राहिल्या. तेव्हापासून मंदारची झोप उडाली होती. रात्री फोन वाजला की ताडकन उठून बसायचा. तीन वेळा आईंनी नाही म्हटलं, चौथ्यांदा "बघायला येते" म्हणाल्या. पण अट घातली.

"परतीचं तिकीट आधी काढायचं. माझे नेमधर्म तिथे चालले तर राहीन. नाही चालले तर मुकाट्यानं परत पाठवायचं आणि रडायचं नाही. दोघांनीही."

ते परतीचं तिकीट त्यांनी छापून घेतलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पर्समध्ये ठेवलं. येताजाता पर्स उघडली की आधी तेच दिसायचं. मला तर त्या पिशवीचा रागच यायला लागला होता.

बाबा गेल्यावर देवपूजा आईंनी आपल्याकडे घेतली, आणि बाबा सांगायचे तो संकल्पही. एका सकाळी रेवा त्यांच्या शेजारी फतकल मारून बसली होती. "गोदावर्याः दक्षिणे तीरे" आलं आणि तिनं विचारलं, "आजी, व्हॉट डज दॅट मीन?"

"पूजा करणारा कुठे बसलाय ते सांगायचं. कुठला देश, कुठली नदी, नदीच्या कुठल्या तीराला. देवाला पत्ता नको का कळायला?"

"ओह! लाइक ड्रॉपिंग अ पिन!"

"लोकेशन शेअर करतेय आजी," मंदारनं दारातून भाषांतर केलं.

"मग टेक्सासला काय म्हणणार?" मी सहज विचारलं.

"हेच. पाहुण्यानं आपल्या घरचा पत्ता सांगायचा," आई म्हणाल्या आणि घंटी वाजवली. विषय संपला.

निघायच्या आदल्या दिवशी भिंतीवरचं कॅलेंडर पिशवीत घालताना त्या एकदम थांबल्या. "मधुरा, तिकीट काढताना तिथी बघितली होतीस?"

आता मी कशी माणूस आहे ते सांगते. चार जणांच्या प्रवासाचा तक्ता माझ्या डोक्यात असतो. भाडं, बॅगांचं वजन, दोन विमानांमधली वेळ, आईंना कडेची सीट, सगळं बघितलं होतं. तिथी? तिथी बघून विमानाचं तिकीट कोण काढतं? साताऱ्याच्या बाई काढतात. शांघायच्या विमानतळावर आम्ही ज्या दिवशी अख्खा दिवस बसणार होतो, तो दिवस संकष्टीचा निघाला. आईंची संकष्टी लग्नाच्या आधीपासूनची. दिवसभर फळं आणि पाणी, चंद्र दिसला की अर्घ्य द्यायचं, नैवेद्य दाखवायचा आणि मग भात. चंद्र बघितल्याशिवाय अन्नाचा कण नाही.

"तिथे चंद्र कुठून दाखवशील मला?"

"आई, शांघायलाही चंद्र उगवतोच की!" मी ठणकावून सांगितलं.

हे वाक्य पुढच्या दोन दिवसांत त्यांनी मला किती वेळा ऐकवलं म्हणून सांगू. पण मनातून मी चरकले होते. पहिल्याच दिवशी पहिलाच नेम मोडला, तर ती प्लास्टिकची पिशवी उघडलीच म्हणून समजा.

शांघाय, सकाळ

दिल्लीहून निघालेलं विमान उजाडायच्या आत शांघायच्या पुडोंग विमानतळावर उतरलं. पुढे जाणाऱ्यांसाठी वेगळी रांग होती. बोटांचे ठसे घेणारं यंत्र समोर कोण उभं आहे ते ओळखून त्याच्या भाषेत बोलायला लागतं असं ऐकलं होतं. आमच्याशी ते इंग्रजीत बोललं. आईंनी त्याला "हो, हो" म्हणून उत्तर दिलं आणि दहाही बोटं नीट टेकवली. दमलेल्या मंदारचे ठसे तीनदा घ्यावे लागले, आईंचे एका फटक्यात उमटले. त्यावरून त्या जरा खुशीत आल्या.

सुरक्षा तपासणीत मंदारची पॉवर बँक गेली. तिच्यावरचे आकडे पुसले गेले होते, आणि आकडे वाचता येत नसतील तर ती विमानात नेऊ देत नाहीत. मी निघतानाच सांगितलं होतं, पण आमच्या घरात माझं ऐकतो कोण! आईंच्या पर्समध्ये मात्र त्यांचा वीतभरही नसलेला पितळी गणपती होता. तपासणीच्या पडद्यावर तो दिसला आणि तिथल्या मुलीनं बाहेर काढायला सांगितला. आईंनी तिच्यापुढचा ट्रे बघितला.

"यात लोकांनी चपला ठेवल्या असतील. मी नाही ठेवायची यात."

मागे रांग खोळंबलेली. मंदार कुजबुजला, "आई, प्लीज यार!" आईंनी ढिम्म न हलता पर्समधून धुतलेला नॅपकिन काढला, ट्रेमध्ये अंथरला आणि त्यावर गणपती बसवला. त्या मुलीनं एकदा गणपतीकडे, एकदा आईंकडे बघितलं आणि नॅपकिनला धक्का न लावता ट्रे आत सरकवला. पलीकडे आम्हाला गणपती जसाच्या तसा बसलेला मिळाला.

पुडोंग म्हणजे केवढं प्रस्थ! चालून चालून पाय दुखतात आणि गेट येतच नाही. पण स्वच्छता बघावी, आणि पाणी बघावं! अमेरिकेत कुठेही जा, ग्लासात आधी बर्फ ओततात आणि मग पाणी. घसा धरला म्हणून कोमट पाणी मागितलं की वाढणारी मुलगी चमत्कारिक बघते. इथे थोड्या थोड्या अंतरावर पाण्याची यंत्रं, त्यांतून एक उकळतं पाणी आणि एक कोमट. गार पाणी मला दिवसभरात नळातून आलेलं दिसलं नाही. म्हातारी माणसं, तरुण पोरं, सगळ्यांच्या हातात थर्मास. आईंच्या हातात साताऱ्याहून आणलेला त्यांचा थर्मास होताच.

"मधुरा, ही माणसं शहाणी आहेत गं," आई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक मी माझ्या पुरणपोळीचंही ऐकलेलं नाही.

त्या यंत्रावर गरम पाण्यासाठी आधी कुलुपाचं बटण दाबावं लागतं. आई नुसत्याच दाबत बसल्या होत्या. शेजारच्या एका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाईंनी त्यांचं बोट हलकेच धरलं आणि योग्य बटणावर नेऊन ठेवलं. थर्मास भरला. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि मग बाई आमच्या शेजारच्याच खुर्चीवर येऊन बसल्या. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण फोनमध्ये भाषांतर करणारं अॅप होतं. त्या चिनीत बोलायच्या, फोन इंग्रजीत बोलायचा आणि रेवा तिच्या मराठीत आजीला सांगायची. त्यांचं आडनाव लिन. रेवानं त्यांना लगेच लिन आजी करून टाकलं. त्या आमच्याच विमानानं डॅलसला निघाल्या होत्या, मुलाकडे, सुनेचं बाळंतपण करायला.

"परत कधी जाणार विचार त्यांना," आईंनी रेवाला सांगितलं.

फोन जरा वेळानं बोलला, "जेव्हा माझी गरज संपेल."

आईंनी डब्यातून तिळगुळाचा लाडू काढून लिन आजींच्या हातावर ठेवला. संक्रांत जवळ आलेली होती. लिन आजींनीही पिशवीत हात घालून सुकवलेली लाल फळं काढली. आईंनी एक उचललं, दाबलं, वास घेतला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, ही तर बोरं!" खरंच बोरं होती, मोठी आणि गोड. उपासाला चालणारी! आईंनी मूठभर खाल्ली आणि माझा जीव भांड्यात पडला.

दुपारी बोलता बोलता रेवानं लिन आजींना सांगितलं, की आजीला आज चंद्र बघायचाय, आणि पूजेत नदीचं नाव सांगायचं असतं. ती हे फोनला कसं समजावणार, मला शंकाच होती. पण लिन आजींनी मान हलवली, फोनवर त्यांचं कॅलेंडर उघडलं आणि आजच्या चौकोनावर बोट ठेवलं. त्यांच्याही महिन्याला चंद्राची गणती असते. अमावास्येपासून मोजत आलेला आजचा दिवस एकोणिसावा. आईंनी बोटांच्या पेरांवर मोजलं. पौर्णिमा पंधरावी, मग चार दिवस.

"बरोबर आहे हिचं. चतुर्थी!" आईंनी प्रमाणपत्र दिलं.

मग लिन आजींनी भिंतीवरच्या पाटीवरचं विमानतळाचं नाव दाखवलं. फोन म्हणाला, "पु हे नदीचं नाव आहे, हुआंगपू नदी. डोंग म्हणजे पूर्व. आपण नदीच्या पूर्वेला बसलो आहोत."

"आजी! देअर्स अ रिव्हर इन द नेम! ईस्ट बँक!" रेवा उड्या मारायला लागली.

"असेल. माझा पत्ता साताऱ्याचाच," आई म्हणाल्या आणि आणखी एक बोर तोंडात टाकलं.

शांघाय, संध्याकाळ

उपास सोडायला भात हवा. मेतकूट आणि तुपाची छोटी बाटली माझ्याकडे होती, गूळखोबरं आईंकडे होतं. साधा पांढरा भात एका दुकानात मिळाला, पण पैसे फोनवरूनच देत होते सगळे. मंदारनं घरून सगळं सेट करून आणलं होतं, आणि पॉवर बँक गेल्यामुळे त्याचा फोन मेला होता. "मी सांगितलं होतं" हे वाक्य मी फक्त दोनदा म्हणाले. शेवटी माझ्या फोनवर ते जमलं. भात आईंच्या स्टीलच्या डब्यात भरून घेतला. मऊ, एकमेकांना चिकटलेला, अगदी मेतकूट कालवावं तसा. अमेरिकेतल्या हॉटेलांत शीत न शीत सुटा असलेला भात देतात, त्याला मेतकूट लागतच नाही धड.

आता राहिला चंद्र. आमच्या गेटची काचेची भिंत पश्चिमेला होती. तिथून सूर्य मावळताना बघितला, लालबुंद, धुरकट हवेत बुडालेला. चंद्र उगवणार मागच्या बाजूला. विमानाची घोषणा व्हायला थोडाच वेळ राहिला होता आणि आईंचा चेहरा उतरलेला होता. सकाळपासून पोटात नुसती बोरं आणि पाणी. मंदार कासावीस झाला होता.

"आई, तू खाऊन घे ना. पंचांगातली वेळ झाली की देवाला चालतं. तू चक्कर येऊन पडलीस तर?"

"मी पडत नाही."

"मागच्या वर्षी पडलीस!"

मंदारचे डोळे भरून आले होते. आईंनी त्याच्याकडे बघितलं, मग पर्स घट्ट धरली आणि उठल्या. "मधुरा, शांघायलाही उगवतो म्हणालीस ना? चल, दाखव."

चला म्हणजे चला! मी, आई, रेवा आणि आमच्या पुढे लिन आजी, थर्मास हलवत, दुडदुडत. इमारतीच्या पूर्वेकडच्या टोकाला पोचलो तेव्हा मागे घोषणा सुरू झाली होती. मंदारला सामानाजवळ ठेवला होता, तो चार्जरला लावून जिवंत केलेल्या फोनवरून मला अंगठ्याएवढी उद्गारचिन्हं पाठवत होता. काचेबाहेर नुसते दिवे आणि विमानांच्या शेपट्या. रेवानं कपाळ काचेला टेकवलं. "आय कान्ट सी एनिथिंग." लिन आजींनी दोन्ही हातांचे तळवे डोळ्यांच्या कडेला लावून बघितलं, मग आईंना पुढे ओढलं आणि बोट केलं. पलीकडे समुद्र आहे, त्या बाजूला, धुरकट काळोखात, पिवळट, एका कडेनं झिजलेला चंद्र.

"आला बाई!" आई म्हणाल्या.

आईंनी नॅपकिन खिडकीच्या कट्ट्यावर अंथरला, गणपती बसवला. कागदी पेल्यात थर्मासमधलं पाणी ओतलं. गार पाणी नव्हतंच, त्यामुळे गणपतीला आणि चंद्राला त्या दिवशी कोमट पाण्याचं अर्घ्य मिळालं. मग त्यांनी डोळे मिटून संकल्प सुरू केला. मी मागे वळून घोषणा ऐकत होते. "गोदावर्याः" आलं आणि आई थांबल्या. डोळे उघडून बाहेर बघितलं.

"रेवा, काय गं नदी ती?"

"हुआंगपू. ईस्ट."

"हुआंगपूनद्याः पूर्वे तीरे," आई म्हणाल्या, जशा काही रोजच म्हणतात. पुढचं सगळं न अडखळता पूर्ण केलं. लिन आजी हात जोडून शेजारी उभ्या होत्या.

"पाहुण्यानं घरचा पत्ता सांगायचा ना, आई?" मी चिडवलं.

"अगं, चंद्र इथला. त्याला सातारचा पत्ता सांगितला असता तर तो मला शोधत बसला असता," आई म्हणाल्या आणि गूळखोबऱ्याचा पहिला घास लिन आजींना भरवला.

मेतकूटभात त्यांनी गेटकडे येता येता खाल्ला, सरकत्या पट्ट्यावर उभ्या राहून, चमच्यानं. मंदारनं लांबूनच आम्हाला बघितलं, आईच्या हातातला डबा बघितला आणि मटकन खुर्चीत बसला. विमानात आम्हीच शेवटचे शिरलो.

डॅलस

शांघायहून रात्री निघालो आणि डॅलसला त्याच दिवशी, त्याच तारखेला, निघालो त्याच्या आधीच पोचलो. मधे वार बदलायची रेषा लागते ना, तिचा हा प्रताप. लिन आजींना घ्यायला त्यांचा मुलगा आला होता. दोघी आज्यांनी एकमेकींचे हात बराच वेळ धरले. रेवानं दोघींचे नंबर घेऊन ठेवले. लिन आजींचा मुलगा राहतो आमच्या घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर!

हायवेला लागलो आणि समोर चंद्र. टेक्सासचा, स्वच्छ, मोठा.

"आजी," रेवा मागून म्हणाली, "इट्स स्टिल संकष्टी. टेक्निकली."

पुन्हा उपास? मंदारनं डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं.

"सोडलेला उपास पुन्हा धरत नाहीत," आई म्हणाल्या. मग काचेला नाक लावून त्यांनी चंद्राला नमस्कार केला. जरा वेळानं विचारलं, "मधुरा, तुमची नदी कुठली गं?"

मी आठ वर्षं प्लेनोत राहते. कुठल्या रस्त्याला कधी ट्रॅफिक असतो, कुठल्या दुकानात कढीपत्ता ताजा असतो, झोपेतून उठवून विचारा. नदी? मंदार म्हणाला, "लेक आहे ना, आई. मोठं लेक आहे."

"ट्रिनिटी," रेवा म्हणाली. "ट्रिनिटी रिव्हर. इट गोज थ्रू डॅलस. वुई आर नॉर्थ."

आईंनी नुसतं "हं" केलं. मी आणि मंदार पुढे बसून श्वास रोखून वाट बघत राहिलो, पण त्यांना झोप लागली होती.

प्लेनो

सकाळी मी चहाला आधण ठेवत होते. आईंनी खिडकीतल्या कट्ट्यावर गणपती मांडला होता, खाली तोच नॅपकिन. रेवा झोपेच्या पायजम्यात येऊन त्यांच्या शेजारी बसली होती. संकल्प सुरू झाला तसा मी गॅस बारीक केला. मंदार जिन्यात थांबला, हातात दोन बुटांपैकी एकच.

"गोदावर्याः दक्षिणे" म्हणून झालं. सवयच ती. मग आई थांबल्या. मला वाटलं पुढचं आठवत नसेल. त्यांनी हातातलं पाणी ताम्हनात सोडलं, पळीनं नवं पाणी घेतलं आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. सावकाश, एकेक शब्द म्हणत त्या नदीपर्यंत आल्या.

"ट्रिनिटीनद्याः उत्तरे तीरे."

रेवानं माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मंदार तसाच एक बूट धरून जिन्यात खाली बसला.

पूजा झाल्यावर आई चहाला आल्या. मंदारनं धीर करून विचारलं, "आई, ते परतीचं तिकीट... त्याचं काय करायचं?"

"राहू दे की," बशीत चहा ओतत त्या म्हणाल्या. "जाऊन येईन साताऱ्याला. घर झाडून घ्यायला हवंच ना कोणीतरी."